बाहेरचा फेर

१

भोंडल्यात बाहेरचा फेर रेंगाळतोच. मधे पाटावर रंगीत तांदळाचा हत्ती, हत्तीला लागून चिमुरड्यांचा फेर, त्याबाहेर थोड्या मोठ्यांचा, आणि सगळ्यांत बाहेर त्या घोड्या, ज्यांना गाणी पाठ असतात पण गायची लाज वाटायला लागलेली असते. गाण्याचा सगळा जोर हत्तीपाशी. कडेला पोचेपर्यंत तो पातळ होतो. मग कडेच्या जणी कुजबुजतात, खिदळतात, पाय ओढत चालतात आणि गाणं सांगणारीची बोलणी खातात. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलेलं आहे.

मध्य भारत नावाचं राज्य होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आता नकाशात शोधून सापडायचं नाही ते. अर्धं वर्ष राजधानी आमच्या इंदुरात, थंडी पडली की ग्वाल्हेरला. कृष्णपुऱ्यात नदीकडच्या अंगाला मराठी घरांची एक ओळ होती, ओळीमागे मोकळं मैदान आणि मैदानापलीकडे राजघराण्याच्या समाध्यांच्या छत्र्या. त्या मैदानात भोंडला व्हायचा. गाणं सांगायला त्या वर्षी शालिनी होती. वय एकोणीस, इंटर सायन्सची परीक्षा दिलेली, आवाज खणखणीत. आणि तिची धाकटी बहीण बेबी, वय नऊ, पहिल्यांदाच बाहेरच्या फेरात गेली होती. त्याचा तिला कोण तोरा! आदल्या दिवसापासून घरात कुणाशी धड बोलेना.

त्यांचे वडील शरच्चंद्र, म्हणजे अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. जीव मात्र आकाशात. होळकरीत एका सरदारांच्या गच्चीवर पितळी दुर्बीण होती आणि अण्णांना तिथे केव्हाही जायची मुभा होती. संस्थान विलीन झालं, सरदारांनी बंगला आवरला, दुर्बीण विकली. त्या दिवसापासून अण्णा घरात असून नसल्यासारखे झाले. जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागे.

वर्गात मात्र ते अजून तेच सांगत. शनी मंद का? लांब आहे म्हणून. सूर्याचा जोर तिथवर पातळ होतो. आकाशगंगेचंही तेच, मधे सगळं वजन, आणि कडेचे तारे रेंगाळतात. ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या मागच्या मैदानात येऊन भोंडला बघावा. हे ते दरवर्षी सांगत आणि पोरं दरवर्षी हसत.

२

भोंडल्यात रोज एक गाणं वाढतं. घटस्थापनेला एक, दुसऱ्या दिवशी दोन. त्यामुळे पहिल्या दिवशी उजेड असतानाच सगळं आटोपतं, पोरी खिरापत खाऊन घरी. पुढे पुढे गाणी संध्याकाळीत शिरतात आणि शेवटी तर कंदील लावावा लागतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अण्णा मागच्या ओट्यावर चहा घेऊन बसले होते. नेहमीसारखे कुठेच न बघता. मधेच त्यांनी कप खाली ठेवला. भोंडला संपल्यावर शालिनीला हाक मारून म्हणाले की तुझा बाहेरचा फेर आज रेंगाळला नाही.

शालिनीला ते खरं वाटेना. पण दुसऱ्या दिवशी गाणं सांगता सांगता तिने नीट पाहिलं. आतल्या पोरी नाचत होत्या, मधल्या चालत होत्या, आणि बाहेरच्या? बाहेरच्या जणी आतल्यांच्याच चालीनं चालल्या होत्या. त्यांचा फेर तर केवढा मोठा! एवढं अंतर काटायचं तर कुणी रमतगमत चालतं, कुणी मागे ओढतं. इथे कुणी ओढत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. सगळ्या एका पावलानं.

शालिनी सायन्सची. तिने स्वतःची समजूत घातली. मोठ्या पोरी, लांब टांगा. शिवाय मैदान नदीकडे उतरतं, उतारावर पाय आपसूक पडतात. मग घरी येऊन भाकरी भाजताना तिच्या लक्षात आलं की फेर गोल असतो, अर्धा उतारावर गेला तर अर्धा चढावर यायला हवा. तोवर भाकरी करपली आणि आईनं तिच्या सायन्सचा उद्धार केला.

अण्णांनी मात्र दुसऱ्याच दिवशी, एका दिवसापुरती, सगळी उलटापालट करायला लावली. छोट्यांना बाहेर काढ, मोठ्यांना आत घे. शालिनीनं घेतलं. एरवी रडूबाई असलेल्या चिमुरड्या कडेला उभ्या राहिल्या, गाणं सुरू झालं आणि एका पावलानं निघाल्या. एकही रडली नाही. अण्णा ओट्यावर उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी शालिनीनं त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला. तिला जरा धास्ती वाटली, पण त्याहून जास्त तिला आनंद झाला, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही.

३

सहाव्या दिवशी आई बेबीचे पाय दाबत बसली होती. पोरीच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. शालिनीनं सहज विचारलं की एवढं पळता कशाला, सावकाश चाला की.

"आम्ही कुठे पळतो, ताई?" बेबी म्हणाली. "ते पळून राहिलेत म्हणून आम्हाला पळावं लागतं ना."

"ते कोण?"

"आमच्याही बाहेरच्या फेरातले."

दूधवाला येऊन गेला म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं, आणि उशीत तोंड घालून झोपली. आईचे हात थांबले. मग ते पुन्हा दाबायला लागले, पण आई शालिनीकडे बघेना.

दुपारची वेळ. बाहेर कुणाची तरी मिरची वाळत घातलेली, रस्त्यावर टांग्याच्या घोड्याचा घुंगरू. झोपलेल्या बेबीचे पाय चादरीखाली हलत होते. एक पाऊल, दुसरं पाऊल, थोडं वळून. शालिनीनं चादरीवर हात ठेवला. पाय तिच्या हाताखालीही चालत राहिले.

संध्याकाळी आईनं अण्णांना स्पष्ट सांगितलं, अहो, पोरगी वाळून चालली आहे, पुरे करा तुमचं ते बघणं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग शालिनीला ओट्यावर नेलं आणि कितीतरी दिवसांत बोलले नव्हते एवढं बोलले. आतल्या वजनानं हे होत नाही, म्हणाले. कडेचे जर मधल्यांच्या चालीनं जात असतील, तर त्यांना धरणारं काहीतरी आणखी बाहेर हवं. आणि ते आतल्या सगळ्यांपेक्षा जास्त हवं.

"पण दिसत तर काहीच नाही, अण्णा."

"खिरापतीचा डबा उघडायच्या आधी तुला खिरापत दिसते का, शाले? पण तू हलवून ओळखतेसच ना?"

आणि ते हसले. शालिनीला वाटलं, दुर्बीण परत आली. म्हणून ती गप्प बसली. चारच दिवस तर राहिले होते, तिने मनाशी म्हटलं, दसऱ्याला आपोआप संपेल. बेबीला तेवढं कडेच्या फेरातून काढून हत्तीपाशी उभं करावं, म्हणजे झालं.

४

हत्तीपाशी उभी केलेली बेबी दुसऱ्या गाण्याला मधल्या फेरात असायची आणि चौथ्याला बाहेर. कशी गेली, कुणी पाहिलं नसे. आठव्या दिवशी शालिनीनं तिचा हात आपल्या पदराला बांधला. गाणं सांगण्याच्या नादात गाठ सुटली की सोडवली, देव जाणे. वर पाहिलं तर बेबी कडेला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट शालिनीच्या ध्यानात आली. संधिप्रकाश होता, पोरींचे चेहरे दिसत नव्हते. अंधारामुळे असेल असं तिला वाटलं. मग कंदील पेटला, आणि दिसल्या त्या वेण्या. बाहेरच्या फेरातल्या सगळ्या जणींच्या वेण्या, रिबिनी, ब्लाउजांचे हुक. त्यांनी हत्तीकडे पाठ केली होती. बाहेर तोंड करून, हातात हात घालून त्या चालल्या होत्या, आणि शालिनीचं गाणं म्हणतच नव्हत्या.

तिचा आवाज फाटला. आतल्या पोरी हसल्या, त्यांना वाटलं ताई चुकली. ती पुढची ओळ म्हणाली, कारण दुसरं काय करायचं तिला सुचलं नाही.

५

दसऱ्याची खिरापत शालिनीच्या घरची होती. आईनं पितळी डबा घासून लखलखीत केला, त्यात साखरफुटाणे भरले. मग थोडा विचार करून फडताळातली एक सुपारी काढली आणि तीही आत टाकली. पोरी हलवून हलवून बेजार होतील म्हणाली, फुटाणे म्हणावं तर मधेच टक्कन काय वाजतं ते कळायचं नाही. खिरापत करणारीनं असं फसवायचंच असतं. हे फक्त आईला आणि शालिनीला ठाऊक, आणि ते कुणाला सांगायचं नसतं.

बेबीला आईनं घरात कडी लावून ठेवलं होतं. सोनं वाटून झालं, भोंडला लागला, एकेक गाणं सरत गेलं. उजेड गेला, कंदील आला. अण्णा खिशातलं घड्याळ आणि आपला वेगळा कंदील घेऊन कडेला उभे होते. शेवटच्या गाण्याला शालिनीनं बाहेर नजर टाकली आणि बेबीची लाल रिबीन तिला दिसली.

गाणं संपलं. आतला फेर थांबला. मधला थांबला. हात सुटले, पोरी घामेजलेली तोंडं पुसू लागल्या. बाहेरचा फेर थांबला नाही.

गाणं नव्हतं, टाळी नव्हती. नुसती पावलं. शालिनी ओरडली की बस, झालं. कुणी वळून पाहिलं नाही. अण्णा म्हणाले, थांब, शाले, एकच मिनिट, मला बघू दे. त्यांच्या आवाजातला आनंद तिला ऐकू आला आणि त्या क्षणी तिला त्यांचा राग आला, आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. ती धावली. फिरत्या फेरात हात घालून तिने बेबीचं मनगट धरलं.

ओढ नव्हती ती. ओढ असती तर तिने उलटं ओढलं असतं. ते वजन होतं. विहिरीतून भरला हंडा वर येताना दोराला लागतं तसं, शांत, आणि त्याला कुठे जायची घाई नाही. शालिनीचे पाय चालू लागले. तिने रोवले, ते चालतच राहिले. बेबीनं तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही.

"अण्णा," शालिनी म्हणाली, "माझ्याच्यानं धरवत नाही."

तेव्हा अण्णा आले. घड्याळ त्यांनी कुठे टाकलं कोण जाणे. ते फेराच्या बाहेर गेले आणि त्यांनी कंदील वर धरला, नदीच्या दिशेला. शालिनीला दिसलं ते एवढंच. मैदानात गुडघाभर गवत होतं पावसाळ्याचं, आणि ते आडवं पडत होतं. फेराला लागून एक वाट, तिच्या बाहेर दुसरी, तिच्याही बाहेर आणखी, गोल वळत, कंदिलाचा उजेड जाईल तिथवर. आणि उजेड संपतो त्यापुढे, छत्र्यांच्या अंगाला, गवत पडल्याचा आवाज येतच होता. पुढचं तिने पाहिलं नाही. तिने अण्णांचा चेहरा पाहिला.

अण्णांनी कंदील खाली ठेवला. त्यांचा आवाज वर्गातला होता.

"खिरापत," ते म्हणाले. "त्यांना खिरापत दिली नाही आपण. नऊ दिवस खेळून राहिलेत बिचारे."

भोंडल्याला आलेल्याला खिरापतीशिवाय परत पाठवत नाहीत. कुणाच्याही घरी नाही पाठवत. आई डबा घेऊन ओट्याशी उभी होती, तिच्या हातून त्यांनी तो घेतला आणि अंधारात गवतावर नेऊन ठेवला. उलट पावली मागे आले. आणि पोरी विचारतात तसं, मोठ्यानं, अंधाराला म्हणाले, ओळखा पाहू.

पावलं थांबली. शालिनीच्या हातातलं वजन गेलं आणि बेबी मटकन खाली बसली. भवतालच्या पोरी डोळे चोळत रडू लागल्या. मग अंधारात डबा वाजला.

खुळखुळ, आणि मधेच टक्. कुणीतरी कानाशी धरून हलवावा तसा. मग थोडं पलीकडे, खुळखुळ, टक्. मग त्याच्याही पलीकडे. या हातातून त्या हातात डबा चालला होता, सगळ्या पोरी देतात तसा, प्रत्येकीला हलवून बघायचा असतो. आवाज छत्र्यांपर्यंत गेला, नदी ओलांडून गेला, बारीक बारीक होत गेला, आणि थांबला असं मात्र झालं नाही. शालिनीला ऐकू येईनासा झाला इतकंच. अण्णा आणखी कितीतरी वेळ कान देऊन उभे होते.

६

त्यानंतर त्या मैदानात भोंडला झाला नाही. पुढे मध्य भारतही गेलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला. अण्णांनी शाळेत आकाशगंगा शिकवणं सोडलं. ते पुन्हा उदास झाले म्हणावं तर तसंही नाही. उलट घरात जास्त असायचे, बेबीशी पत्ते खेळायचे. फक्त आश्विनातल्या संध्याकाळी ओट्यावर बसून नदीकडे कान लावायचे. काय पाहिलं ते आईनंही विचारलं नाही. एकदाच, शेवटच्या आजारात, शालिनीला म्हणाले की फेर फार मोठा आहे गं, पण गोल आहे. डबा फिरून येणार.

शालिनी गणित शिकवू लागली. लग्न केलं नाही. कृष्णपुऱ्यातलं घर गेलं, ओटा गेला. त्या ओट्यावरचा अण्णांचा चहाचा कप, मिरच्यांचा ठसका, टांग्याचा घुंगरू, हे तिला अजून आठवत राहतं. इतकं सुख होतं तेव्हा, आणि त्या नऊ दिवसांतलं सुख सगळ्यांत जास्त, हे तिला कुणापाशी बोलताही येत नाही. बऱ्याच वर्षांनी एका मासिकात तिने वाचलं की आकाशगंगेच्या कडेचे तारे रेंगाळतच नाहीत, आतल्यांच्याच वेगानं धावतात, आणि त्यांना कशानं धरलंय ते कुणाला दिसत नाही. तिने मासिक मिटलं आणि चहा टाकला.

परवाच्या नवरात्रात ती बेबीकडे गेली होती. बेबीला आता सगळे चारुलताबाई म्हणतात. त्या नवऱ्याच्या कारखान्याजवळ, सांवेर रोडच्या बाजूला राहतात. मुलगी मंजिरी, नऊ वर्षांची. तिथल्या कॉलनीत मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी, पण हौस दांडगी, कंपाउंडात भोंडला मांडलेला. शालिनी वर गॅलरीत बसून ऐकत होती. तिला गाणी मधेमधे हिंदी वळणाची वाटली आणि हसू आलं. दिवेलागण झाली. दहावं गाणं संपलं तशी मंजिरी धापा टाकत वर आली आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, तुम्ही कधी खिरापत दिली होती का कुणाला?"

"का गं?"

"बाहेरच्या फेरातले विचारून राहिलेत. साखरफुटाणे आहेत का म्हणे. आणि एक सुपारी, फसवायला."

स्वयंपाकघरात बेबीच्या हातातलं भांडं पडलं. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. सुपारीचं आता फक्त शालिनीला ठाऊक होतं.

खाली सगळ्या पोरी घरोघर गेल्या होत्या, तरी पावलं ऐकू येत होती. कंपाउंडाच्या भिंतीपलीकडे, अगदी जवळ, डबा वाजला. खुळखुळ, टक्. बरोबर ओळखलं की डबा उघडायचा असतो, आणि तो ज्याच्या घरचा त्यानंच उघडायचा असतो. दुसऱ्या कुणी उघडून चालत नाही.

शालिनी उठली. चष्मा काढून तिने टीपॉयवर ठेवला, मंजिरीचा हात घेऊन बेबीच्या हातात दिला आणि बेबीची बोटं त्यावर घट्ट मिटवली, पूर्वी त्या मैदानात आपण तिचं मनगट धरलं होतं तशी.

"हिला सोडू नकोस," ती म्हणाली. "खिरापत आपल्या घरची होती. मी देऊन येते."

बेबीचे पाय जागच्या जागी हलत होते, एक पाऊल, दुसरं पाऊल, थोडं वळून, पण तिने मुलीचा हात सोडला नाही. शालिनीनं चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिना उतरून ती बाहेर गेली.